स्मर्नाचं पत्र आणि आमची वही

23 फेब्रुवारी हा संत पॉलिकार्प यांचा सण. त्याच्या मागचा किंवा पुढचा, जो जवळ पडेल तो रविवार. वसईतल्या आमच्या वाडीत त्या रविवारला अजूनही ‘पत्राचा रविवार’ म्हणतात. सकाळची मिस्सा आटोपली की आम्ही पोरं बावखलाशेजारच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याशेजारच्या, अंगणात चटया अंथरायला धावायचो. मांडव आदल्या रात्रीच घातलेला असे. मागे केळीची बाग, बाजूला चुली, चुलींपाशी लाल लुगड्यांतल्या बायका, आणि मांडवाच्या मधोमध खुर्चीवर मास्तर. त्यांच्या मांडीवर वाडीतल्या मंडळाची जाड पुठ्ठ्याची वही.

त्या वहीत एक पत्र होतं. स्मर्ना शहरातल्या ख्रिस्ती मंडळींनी फिलोमेलियम गावच्या मंडळींना लिहिलेलं. आपले वृद्ध बिशप पॉलिकार्प यांना कसं पकडलं, कसं जाळलं, हे त्यात सांगितलं आहे. काळ साधारण इ.स. 155चा, अँटोनायनस पायस या रोमन सम्राटाच्या राज्यातला. स्मर्ना म्हणजे आजचं तुर्कस्तानातलं इझमिर. मास्तरांनी ते पत्र आमच्या बोलीला जवळच्या मराठीत उतरवलं होतं आणि त्याचे भाग पाडून एकेका घराला वाटून दिले होते. ज्या घराचा जो भाग, तो त्या घराने दरवर्षी वाचायचा. बाप म्हातारा झाला की मुलाने, मुलगा परगावी गेला की सुनेने.

वाचनाआधी मास्तर थोडं स्वतः बोलत. पॉलिकार्प यांनी येशूचा शिष्य प्रेषित योहान याच्या तोंडून येशूच्या गोष्टी ऐकल्या होत्या, असं त्यांचे शिष्य इरेनियस लिहून गेलेत. हे इरेनियस पुढे फ्रान्समधल्या लियोंचे बिशप झाले. म्हातारपणी त्यांनी एका जुन्या सोबत्याला लिहिलं की, अलीकडे घडलेल्या गोष्टींपेक्षा मला ते लहानपणचे दिवस जास्त स्पष्ट आठवतात. पॉलिकार्प कुठे बसून बोलत, कसे येत-जात, लोकांपुढे काय सांगत, सगळं आठवतं. मास्तर हे सांगताना खुर्चीवरून मागे वळून केळीकडे बघत. तेव्हा मला वाटे, हे सांगतात ते इरेनियसचं की स्वतःच्या मास्तरांचं? आज मी त्यांच्याबद्दल तेच लिहितो आहे.

आमच्या घराकडे मळ्याचा भाग होता. माझे वडील तो वाचत, आणि वडील कामावर अडकले तर आजी तोंडपाठ म्हणत असे. शहरात ‘पॉलिकार्पला आणा’ अशी ओरड सुरू झाली तेव्हा त्यांना पळायचं नव्हतं. पण माणसांनी फारच धरलं, म्हणून ते शहराजवळच्या एका मळ्यावर गेले आणि रात्रंदिवस प्रार्थनेत राहिले, जगभरच्या सगळ्या मंडळींसाठी. पकडले जाण्याच्या तीन दिवस आधी त्यांना दिसलं की आपली उशी पेटली आहे. सोबतच्यांना ते म्हणाले, मला जिवंत जाळलं जाणार. मग दुसऱ्या मळ्यावर गेले. शोध घेणाऱ्यांना पहिल्या मळ्यावर दोन गुलाम पोरं सापडली, त्यातल्या एकाने मारहाणीखाली ठिकाण सांगितलं. शुक्रवारी जेवणाच्या वेळेला शिपाई आणि घोडेस्वार हत्यारं घेऊन आले, जणू दरोडेखोराच्या मागावर निघालेत. पॉलिकार्प माडीवर होते. तिथूनही दुसरीकडे जाता आलं असतं. ते म्हणाले, “देवाची इच्छा होवो,” आणि खाली उतरले.

खाली आल्यावर त्यांनी काय केलं? आलेल्या शिपायांना पोटभर खाऊपिऊ घालायला सांगितलं. स्वतःसाठी फक्त तासभर प्रार्थनेला वेळ मागितला. मग उभं राहून प्रार्थना करू लागले ते दोन तास थांबले नाहीत. आयुष्यात भेटलेल्या लहानथोर प्रत्येकाची आठवण त्या प्रार्थनेत काढली. पकडायला आलेल्यांपैकी कितीकांना वाईट वाटलं, अशा म्हाताऱ्या माणसावर आपण चालून आलो म्हणून.

मास्तरांनी मुळात लिहिलं होतं, ‘त्यांना जेवण देण्यास सांगितले.’ एका वर्षी आजीने वाचन मध्येच थांबवलं. म्हणाली, “मास्तर, जेवण देतात ते भिकाऱ्याला. घरी आलेल्याला ताट वाढतात.” मांडव गप्प झाला. मास्तरांनी खिशातलं पेन काढलं, ओळ खोडली आणि वर लिहिलं, ‘त्यांच्यापुढे ताट वाढायला सांगितले.’ त्या वर्षापासून मंडळाचा नियमच झाला की जेवणाचं पहिलं पान बाहेरच्या माणसाला वाढायचं. रस्त्याने जाणारा असो, पाणी सोडायला आलेला असो, ज्याच्याशी आपलं बोलणं तुटलंय तो शेजारी असो. आमच्या दोन घरांचं एक जुनं भांडण असल्याच एका पानावर मिटलं.

क्विंटसचा भाग मात्र कुणाच्या घराला दिला नव्हता, तो मास्तर स्वतः वाचत. फ्रिजियाहून आलेला हा क्विंटस आपणहून पुढे झाला होता, इतरांनाही त्याने पुढे ओढलं होतं. पण रानटी जनावरं बघितल्यावर त्याचा धीर सुटला आणि त्याने सम्राटाची शपथ घेऊन रोमच्या देवांना धूप वाहिला. पत्र लिहिणारे त्याला शिव्या देत नाहीत. एवढंच म्हणतात की, आपणहून मरणाच्या तोंडी जाणाऱ्यांची आम्ही स्तुती करत नाही, शुभवर्तमान तसं शिकवत नाही. आम्ही मोठी पोरं झाल्यावर हसलो होतो क्विंटसला. मास्तरांनी वही मिटली आणि आमच्याकडे एवढं शांतपणे बघितलं की मान वर करवेना. मला वाटतं, पत्राचा सगळा खरेपणा या भागात आहे. ज्यांनी घाबरलेल्या माणसाचं नावही लपवलं नाही, त्यांनी न घाबरलेल्याबद्दल लिहिलेलं मी मानतो.

मग स्टेडियम. इथे सगळ्या पोरांना गर्दी व्हायची मुभा होती, आणि आम्ही बेंबीच्या देठापासून ओरडायचो. ख्रिस्ती लोक रोमचे देव मानत नाहीत, म्हणून त्यांना नास्तिक म्हणत. प्रांताधिपती सांगतो, “वयाचा तरी विचार कर. कैसराची शपथ घे. म्हण, नास्तिक मुर्दाबाद.” पॉलिकार्प त्या गर्दीकडे बघतात, तिच्याकडे हात करतात, वर बघून सुस्कारा टाकतात आणि तेच शब्द उच्चारतात. अधिपती पुन्हा म्हणतो, “ख्रिस्ताला नाकार, मी तुला सोडतो.” यापुढचं वाक्य वाडीतल्या सगळ्यात वयस्कर माणसाने म्हणायचं, ते कुठल्या घराचं नव्हतं. “86 वर्षं मी त्याची सेवा केली, त्याने माझं काहीच वाईट केलं नाही. माझ्या राजाची, ज्याने मला तारलं त्याची, मी निंदा कशी करू?” 86 म्हणजे वय की बाप्तिस्म्यापासूनची वर्षं, यावर जेवताना दरवर्षी वाद व्हायचा. बाप्तिस्मा लहानपणीच झाला असेल तर दोन्ही एकच, असं म्हणून फादर तो मिटवायचे.

लाकूडफाटा कारागिरांच्या दुकानांतून आणि स्नानगृहांतून गर्दीनेच गोळा केला. खिळे ठोकायला आले तेव्हा पॉलिकार्प म्हणाले, “राहू द्या, आगीत टिकायचं बळ जो देतो तो खिळ्यांवाचूनही उभं ठेवील.” म्हणून नुसतं बांधलं. ज्वाळा वाऱ्याने फुगलेल्या शिडासारखी त्यांच्याभोवती उभी राहिली, आणि मध्ये ते भट्टीतल्या भाकरीसारखे, सोन्यासारखे दिसत होते, असं लिहिणाऱ्यांनी लिहिलं आहे. आमच्या किनाऱ्यावर शीड कसं फुगतं ते सांगावं लागत नाही. शेवटी खंजीर खुपसून त्यांचा अंत केला. पत्रात वेळही दिली आहे, आठवा तास, म्हणजे दुपारचे दोन. म्हणून आमचं वाचन दोनला संपावं असा मास्तरांचा कटाक्ष असे. दोन वाजता कुणीतरी चर्चच्या दिशेने हात करी आणि सगळे उभे राहत.

मी सातवीत असताना विचारलं होतं की, एवढं दुःखाचं वाचून आपण मटण-भाकरी आणि सुकेळी कशी खातो? मास्तरांनी वहीचं पान उलटून मलाच वाचायला लावलं. उरलेली हाडं रत्नांहून मोलाची समजून आम्ही गोळा केली आणि योग्य जागी ठेवली, असं पत्रात आहे. आणि तिथे आम्ही जमेल तेव्हा आनंदाने एकत्र येऊ आणि त्यांच्या रक्तसाक्षीचा जन्मदिवस साजरा करू. रक्तसाक्ष म्हणजे श्रद्धेसाठी पत्करलेलं मरण, आणि त्या मरणाच्या दिवसाला जन्मदिवस म्हटलं आहे. रक्तसाक्ष्याच्या दिवशी दरवर्षी जमायचं, ही रीत लिहून ठेवणाऱ्या सगळ्यात जुन्या कागदांपैकी हा एक आहे. मग आम्ही जमायचो ते त्यांनी सांगितलं म्हणूनच, नाही का! त्या दिवशी मी दोनदा भाकरी मागून घेतली.

1998 साली वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि आपल्याला आपला बिशप मिळाला. त्या वर्षानंतरच्या पत्राच्या रविवारी म्हाताऱ्या बायका पॉलिकार्पचं नाव ऐकताना जरा वेगळ्या बसल्या होत्या. बिशप हा शब्द आता घरचा झाला होता.

मास्तर गेले. आजीही गेली. मंडळातली निम्मी घरं आता कामासाठी शहरात आणि आखातात आहेत. त्यांच्या भागाचं वाचन फोनवरून होतं, आवाज तुटतो, मग मांडवातलं कुणीतरी ओळ पुरी करतं.

पत्राच्या शेवटी नकला करणाऱ्यांची टीप आहे. गायस नावाच्या माणसाने इरेनियसच्या कागदांवरून नक्कल केली, गायसच्या प्रतीवरून कॉरिंथमध्ये आणखी एकाने, आणि पुढे पायोनियस याला ती काळाने जवळजवळ झिजून गेलेली सापडली, तेव्हा त्याने पुन्हा लिहून काढली. मास्तर ही टीप कधी वगळत नसत. यंदा पावसाळ्यात वहीची शिवण सुटली, कडा ओल्या झाल्या, काही पानांवर शाई पसरली. नवी वही आणून मी रात्री थोडं थोडं उतरवतो आहे. काल आमच्या मळ्याच्या भागापर्यंत आलो. ‘जेवण’वर मास्तरांची ती आडवी रेघ आहे, वर बारीक अक्षरात ‘ताट’. मी ‘ताट’ लिहिलं, आणि खाली ती रेघ मारलेली ओळही तशीच उतरवून ठेवली.