तारांकित होता होता राहिलेला प्रश्न

मंत्र्याला निवेदन देणं आणि मंत्र्याला प्रश्न विचारणं ही दोन वेगळी कामं आहेत. २०२२ च्या उन्हाळ्यापर्यंत आम्हा पुण्यातल्या काही पालकांना फक्त पहिलं काम येत होतं, आणि ते आम्ही मन लावून करत होतो.

माझी भाची युक्रेनमधल्या खारकिव्हला मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला होती. युद्ध पेटलं आणि २ मार्चला आपल्या वकिलातीचा निरोप आला: खारकिव्ह ताबडतोब सोडा, पेसोचिन, बाबाये किंवा बेझल्युडिव्का गाठा, वाहन मिळत नसेल तर चालत जा. ती चालत गेली. त्या दिवसाबद्दल ती अजूनही फारसं बोलत नाही, म्हणून मीही लिहीत नाही. सरकारच्या ऑपरेशन गंगा या सुटका मोहिमेत सुमारे २२,५०० भारतीय परत आले, त्यात ती आली. घरी आल्यावर आठवडाभर आनंद, मग घरात एकच विषय. पुढे काय?

कॉलेज ऑनलाइन तास घेत होतं, सायरन वाजला की तास बंद. प्रॅक्टिकल नाही, पेशंट नाही. पालकांचा व्हॉट्सअॅप ग्रुप होताच, त्यावर रोज नवीन निवेदनाचा मसुदा फिरायचा. पंतप्रधानांना, राज्यपालांना, आरोग्यमंत्र्यांना, सगळ्यांना गेलं. 'आपले पत्र संबंधित विभागाकडे पाठवण्यात आले आहे' या ओळीचे आमच्याकडे इतके कागद जमले की माझ्या मेव्हण्याने त्याची वेगळी फाइल केली.

कोणीतरी म्हणालं, लक्षवेधी लावू या. म्हणून आमदारांकडे गेलो. त्यांनी चहा पाजला, मुलांची चौकशी केली आणि सरळ सांगितलं की परराष्ट्र व्यवहार हा केंद्राच्या सूचीतला विषय आहे, विधानसभेत मी बोललो तर टाळ्या मिळतील, उत्तर मिळणार नाही. हा माणूस मला आवडला. त्यांनीच एका खासदारांच्या दिल्लीतल्या मुलाचा नंबर दिला. मुलगा म्हणजे खासदारांचं संसदेचं काम बघणारा सहायक, मूळचा आपल्याच जिल्ह्यातला, वय तिशीच्या आत. त्याचं नाव इथे घालत नाही, त्याला आवडणार नाही.

ग्रुपवर ही बातमी टाकल्याबरोबर एका गृहस्थांनी विचारलं, 'किती द्यावे लागतील?' मी तो मेसेज त्या मुलाला गंमत म्हणून वाचून दाखवला तर तो एकदम गप्प झाला. मग म्हणाला, 'काका, त्या गृहस्थांना सांगा, २००५ मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल ११ खासदारांना घरी जावं लागलंय. दहा लोकसभेचे, एक राज्यसभेचा. पुन्हा असं कोणी लिहिलं तर मी फोन उचलणार नाही.' मी ग्रुपवर तसंच टाकलं. नंतर तो विषय निघाला नाही.

आता प्रक्रिया. लोकसभेत ११ ते १२ हा प्रश्नोत्तराचा तास. एका दिवसाला २० तारांकित प्रश्न, ज्यांचं उत्तर मंत्री उभं राहून देतात आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतात. शिवाय २३० अतारांकित, त्यांची उत्तरं लेखी. मंत्रालयांना वार ठरवून दिलेले असतात. परराष्ट्र खात्याचा लोकसभेतला वार शुक्रवार, राज्यसभेत गुरुवार. सूचना निदान पंधरा दिवस आधी द्यायची. पावसाळी अधिवेशन १८ जुलैला सुरू होऊन १२ ऑगस्टपर्यंत चालणार होतं, म्हणजे हातात मोजके शुक्रवार. आणि एवढं करून सोडत असते! नोटिसा इतक्या येतात की क्रम सोडतीने ठरतो. खासदार कितीही मोठा असो, त्याचं नाव चिठ्ठीत वर आलं तर आलं.

आम्ही पाठवलेला मसुदा दोन पानी होता. तो त्याने मला फोनवर वाचून दाखवला, एकेक वाक्य, आणि प्रत्येकापुढे काय लागू होतं ते सांगत गेला. लोकसभेच्या कार्यपद्धतीत ४१ वा नियम आहे. प्रश्न १५० शब्दांच्या आत. त्यात युक्तिवाद नको, अनुमान नको, उपरोध नको, विशेषणं नकोत. म्हणजे आमचं 'सरकार इतके महिने झोपले होते काय' हे गेलं. मंत्र्याचं मत विचारायचं नाही, काल्पनिक परिस्थिती विचारायची नाही. 'युद्ध आणखी दोन वर्षे चालल्यास' हे वाक्य गेलं (दोन वर्षं! आम्हाला ते तेव्हा अतिशयोक्ती वाटत होतं). मित्रदेशाचा अनादर होईल असा उल्लेख नको. आम्ही एका शेजारी देशाच्या सीमेवरच्या शिपायांनी मुलांना कसं वागवलं ते सविस्तर लिहिलं होतं. खरं होतं ते, भाचीनेच सांगितलेलं. तेही गेलं. मी जरा तावात आलो. तो शांतपणे म्हणाला, 'काका, गाऱ्हाणं मांडायचं असेल तर शून्य प्रहर आहे, नियम ३७७ आहे. तिथे साहेब बोलतील. प्रश्नात फक्त असं विचारायचं, की ज्याला उत्तर न देणं त्यांना अवघड जाईल.'

मग त्याने स्वतःहून एक धागा काढला, आणि माझ्या मते सगळ्या खटाटोपातली तीच सर्वात शहाणपणाची गोष्ट होती. एप्रिलमध्ये लोकसभेत युक्रेनवर चर्चा झाली होती. तिला उत्तर देताना परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी सांगितलं होतं, की या मुलांच्या पुढच्या शिक्षणासाठी सरकार हंगेरी, रुमानिया, कझाकस्तान, पोलंड अशा देशांच्या संपर्कात आहे. युक्रेन सरकारने तिसऱ्या वर्षातून चौथ्यात जाण्यासाठी लागणारी क्रॉक परीक्षा पुढे ढकलल्याचंही त्यांनी तेव्हाच सांगितलं. 'हे सभागृहात बोललेलं आहे, रेकॉर्डवर आहे,' तो म्हणाला. 'आपण नवीन काही मागायचंच नाही. एवढंच विचारायचं, की एप्रिलनंतर काय झालं?'

दोन पानांतून उरलं ते असं:

(क) युक्रेनमधून परतलेल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना अन्य देशांत शिक्षण पुढे चालू ठेवता यावे यासाठी सरकारने कोणकोणत्या देशांशी बोलणी केली आहेत. (ख) त्या बोलण्यांची देशनिहाय सद्यःस्थिती काय आहे. (ग) विद्यार्थ्यांना युक्रेनमधील विद्यापीठांकडून गुणपत्रके व अन्य कागदपत्रे मिळवून देण्यासाठी वकिलातीने कोणती पावले उचलली आहेत. आणि (घ) नसल्यास, त्याची कारणे काय आहेत?

वाचून मेव्हणा म्हणाला, 'यात आपली पोरगी कुठे आहे?' खरंच नव्हती. पण तिसरा मुद्दा पूर्णपणे तिचा होता. कॉलेज गुणपत्रक देत नव्हतं, मेलला उत्तर नव्हतं, आणि त्याशिवाय दुसरं कुठलंही विद्यापीठ दारात उभं करणार नव्हतं. आपली वकिलात मार्चमध्ये तात्पुरती वॉर्सात हलली होती आणि मेच्या मध्यावर पुन्हा कीव्हमध्ये सुरू झाली होती, म्हणजे आता 'कोणती पावले' असं विचारायला जागा होती.

'भारतातल्या कॉलेजांत सामावून घ्या' ही आमची मुख्य मागणी मात्र या प्रश्नात बसेना. ते आरोग्य खात्याचं काम. परराष्ट्र खात्याला विचारलं तर प्रश्न तरी तिकडे वर्ग होतो किंवा उत्तरात 'हा विषय आरोग्य मंत्रालयाशी संबंधित आहे' एवढंच येतं. योगायोगाने आरोग्य खात्याचा लोकसभेतला वारही शुक्रवारच. तो प्रश्न इतर खासदारांनी विचारलाच होता, आणि जुलैमध्ये त्याचं उत्तर आलं: परदेशी वैद्यकीय विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना इथल्या कॉलेजात घेण्याची परवानगी राष्ट्रीय वैद्यक आयोगाने दिलेली नाही, कायद्यात तशी तरतूद नाही. त्या दिवशी ग्रुपवर जे काही लिहिलं गेलं ते इथे देण्यासारखं नाही.

आमची नोटीस तारांकित म्हणून गेली होती. सोडतीत वर आली नाही, अतारांकित झाली. मी हिरमुसलो. कारण मधल्या काळात मला प्रश्नोत्तराचा तास बघायचं व्यसन लागलं होतं. लेखी उत्तर हे खात्याने तयार केलेलं असतं, त्यातला प्रत्येक शब्द तीन टेबलांवरून आलेला. खरी मजा पुरवणी प्रश्नात. मूळ विचारणाऱ्याला दोन पुरवणी प्रश्न मिळतात, आणि ते काय असतील हे मंत्र्याला आधी माहीत नसतं. जयशंकर स्वतः परराष्ट्र सचिव राहिलेले, त्यामुळे त्यांना कागदाची फारशी गरज पडत नाही. पण म्हणूनच त्यांच्यासमोर मोघम विचारणारा खासदार मोघमच उत्तर घेऊन खाली बसतो. नेमका आकडा, नेमका देश, नेमकी तारीख विचारली तरच काहीतरी हाती लागतं. नेहरूंकडे परराष्ट्र खातं होतं तेव्हा, १९५९ च्या ऑगस्टमध्ये, चीनने अक्साई चीनमधून बांधलेल्या रस्त्याची कबुली लोकसभेत प्रश्नाच्या उत्तरातच आली होती. नियमांचं पुस्तक हातात धरून सरकारला घाम फोडणारे मधू लिमये तर आपल्या पुण्याचेच, निवडून मात्र बिहारमधून यायचे. ही सगळी माहिती मी त्या दिवसांत सोसायटीच्या बाकावर इतक्यांदा ऐकवली की लोक मला बघून फोन कानाला लावायला लागले.

सहायकाने समजूत काढली. म्हणाला, या अधिवेशनात गोंधळ बघताय ना, तास वाहून गेला तर तारांकितचं उत्तरही नुसतं पटलावर ठेवलं जातं. लेखी निदान नक्की मिळतं.

शुक्रवारी दुपारी बारानंतर उत्तरं संसदेच्या संकेतस्थळावर चढतात. मी ऑफिसात जेवणाचा डबा उघडा ठेवून पान रिफ्रेश करत होतो. पीडीएफ उघडली आणि पहिली ओळ दिसली: '(क) ते (घ)'. चार वेगवेगळे प्रश्न, एकच एकत्रित उत्तर. देशनिहाय तक्ता वगैरे काही नव्हता. ऑपरेशन गंगाचा परिच्छेद होता, क्रॉक परीक्षेच्या सवलतीचा होता, मान्यतेचा विषय आरोग्य मंत्रालयाकडे असल्याचं होतं. आणि एक वाक्य होतं, की विद्यार्थ्यांना कागदपत्रं सुरळीत मिळावीत म्हणून कीव्हमधली वकिलात संबंधित विद्यापीठांच्या संपर्कात आहे.

मला वाटलं, पाण्यात गेलं सगळं. मुलाचा फोन आला तेव्हा तो उलट खूश होता. (ख) ला बगल दिली हे त्यालाही दिसत होतं. पण 'वकिलात संपर्कात आहे' हे आता मंत्र्याचं सभागृहातलं विधान झालं होतं. त्याने सांगितल्याप्रमाणे आम्ही एक साधी मेल लिहिली. वर प्रश्नाचा क्रमांक आणि तारीख, खाली ते एक वाक्य जसंच्या तसं, त्याखाली मुलीचं नाव, पासपोर्ट क्रमांक, कॉलेज, वर्ष. सोबत उत्तराची पीडीएफ. विशेषण एकही नाही. वकिलातीकडून उत्तर आलं, तेही माणसाने लिहिलेलं. गुणपत्रक यायला पुढे बराच वेळ गेला, मधे दोनदा आठवण करावी लागली, पण आलं. ग्रुपवरच्या ज्यांनी ज्यांनी तशीच मेल पाठवली त्यांतल्या सगळ्यांचं आलं असं नाही.

६ सप्टेंबरला वैद्यक आयोगाची सूचना निघाली. युक्रेनने देऊ केलेल्या अॅकॅडमिक मोबिलिटी कार्यक्रमाला हरकत नाही. म्हणजे दुसऱ्या देशातल्या विद्यापीठात तात्पुरतं शिकायचं, पदवी मूळ युक्रेनी विद्यापीठाचीच. आपल्या नियमांत सगळा अभ्यासक्रम एकाच संस्थेतून करण्याची अट असल्यामुळे ही परवानगी फार मोठी होती. त्या सूचनेत परराष्ट्र मंत्रालयाशी विचारविनिमय करून हा निर्णय घेतल्याचा उल्लेख आहे. आमच्या प्रश्नामुळे हे झालं असं मी म्हणणार नाही. देशभरातून कितीतरी खासदारांनी विचारलं होतं, संसदेच्या समितीपर्यंत विषय गेला होता, पालक न्यायालयातही गेले होते. पण ती सूचना वाचताना त्यातली प्रत्येक ओळ कुठल्या खात्याची आणि का, हे मला न सांगता कळत होतं.

भाची त्या कार्यक्रमाखाली जॉर्जियाला गेली. परवा आमच्या मजल्यावरचे एक निवृत्त गृहस्थ नातवाच्या व्हिसाचं रडगाणं घेऊन आले, हातात तीन पानी निवेदन. मी कात्री मागितली नाही एवढंच. त्यांना बसवलं, पेन घेतलं आणि विचारलं, 'आजोबा, मंत्री यावर आधी कुठे काही बोललेत का?'