पाऊस सरल्यावर, माती वाळायच्या आत

खंडेनवमीला हळदकुंकू लावलेले कोयते, विळे नि कुदळी दसऱ्यानंतरच्या रविवारी आमच्या गाडीत पडतात. त्यांच्या खाली भाकऱ्यांचं गाठोडं आणि वर आई. बेळगावच्या शहापूरहून निघायचं, पिरनवाडी, किणये करत चोर्ल्याच्या रस्त्याला लागायचं. जांबोटीच्या अलीकडे आईच्या वाटणीला आलेली दीड एकर डोंगरउताराची जागा आहे. जागा म्हणायची खरं, आहे ते रानच. ऐन, किंजळ, हिरडा, जांभूळ, खालच्या अंगाला मेसाच्या बांबूचं बेट आणि सगळीकडे करवंदीच्या जाळ्या. पुढंमागं तिथं एक शेड घालायची, काजूची कलमं लावायची, असा बेत आहे. त्यासाठी तण काढायचं, खड्डे नि चर खणायचे.

आमची जाऊ दरवर्षी विचारते, मुलांना मे महिन्यात सुट्टी असते तेव्हा का नाही करत हे? मे महिन्यात त्या जांभ्यावर पहार मारून बघावी. हाताला झिणझिण्या येतात, दगडाला काही होत नाही. काजूचे खड्डे म्हणूनच आम्ही आत्ता खणून ठेवतो, दोन फूट लांब, रुंद नि तेवढेच खोल. पाऊस थांबलेला, माती अजून ओली, असे थोडेच आठवडे मिळतात. त्यात नेमकी भातकापणी येते, म्हणून गावातलं माणूस मजुरीला मिळत नाही. मग घरचेच हात.

पहिलं काम रानमोडीचं, म्हणजे रानभर माजणाऱ्या तणाचं. पावसाळ्यात ती पुरुषभर वाढते. ह्यांनी सुरुवातीला कोयत्यानं सपासप कापायला घेतली तशी आई म्हणाली, "जावई, दाढी करालायसा काय? बुडातून परत फुटतंय ते." ओल्या मातीत मुळासकट निघते, म्हणून आता सगळे उपटतोच. थंडीत तिला फुलं येतात, मग म्हाताऱ्या उडाव्यात तसं बी उडून सगळ्या डोंगरावर जातं. त्याच्या आत काढली तरच उपयोग. घाणेरीला मात्र कुदळच लागते, आणि हातमोजे.

मला खरी गोडी आहे ती पाण्याच्या वाटा बघण्यात. जागेवरून पाणी कुठून गेलं ते ऑक्टोबरात अजून दिसतं. गवत एका अंगाला निजलेलं असतं, झाडाच्या मुळाशी पाल्याचा ढीग अडकलेला असतो, एखाद्या पट्ट्यात माती धुऊन नुसती खडी उरलेली असते. जानेवारीत गेलात तर यातलं काही कळत नाही, आणि बहुतेक लोक प्लॉट बघायला जानेवारीतच येतात! आम्ही शेडसाठी धरलेला सपाट तुकडा दिसायला छान होता. पावसाळा संपल्यावर बघितलं तर त्याच्या मधोमध ओहोळाची वाट. शेड आता वर सरकली आहे.

पाणी अडवायला उताराला आडवे चर मारायचे. ते एका पातळीत नसले तर पाणी एका टोकाला गोळा होऊन बांध फोडतं. ह्यांचं काम गवंड्याचं, त्यामुळे लेव्हलची पाईप घरचीच. पारदर्शक नळीत पाणी भरायचं, एक टोक लेकाच्या हातात, दुसरं लेकीच्या. दोन्हीकडचं पाणी काठीवरच्या एकाच खुणेला आलं की तिथं खुंटी. खुंट्यांवरून फक्कीची रेघ ओढली तर ती डोंगराच्या अंगाबरोबर वळत जाते, सरळ कुठेच नाही. लेक म्हणाला, "पप्पा, वाकडं झालंय." हे म्हणाले, "तेच बरोबर हाय." चर दीड फूट खोल, काढलेली माती उताराच्या बाजूला.

झाडांना आम्ही हात लावत नाही. १९७६ च्या कर्नाटक वृक्ष संरक्षण कायद्यानुसार स्वतःच्या जागेतलं झाड तोडायलाही साधारणपणे वनखात्याची परवानगी लागते. जमिनीचा उतारा कन्नडमधून, तो लेक वाचून दाखवते, आजी "नाव माझंच हाय न्हवं?" एवढं दोनदा विचारून घेते.

पाल्यावरून मात्र घरात दोन पक्ष आहेत. आईला सगळं झाडून अंगणासारखं लख्ख पाहिजे, साप दिसला पाहिजे म्हणून. माझं म्हणणं, शेडच्या भोवती नि पायवाटेला साफ करा, बाकी पाला झाडाखालीच कुजू दे. पेटवायचा तर मुळीच नाही. रस्त्याकडेचं गवत तेवढं रुंद पट्टा धरून कापून काढतो, कारण फेब्रुवारी-मार्चमध्ये कुणाची विडी पडली तर वणवा तिथूनच वर चढणार.

कुंपणाचा निकाल अजून लागलेला नाही. ह्यांना काटेरी तार पाहिजे. खालच्या बाजूला गव्याच्या खुरांचे ठसे आहेत, आणि गवा तारेला काय जुमानतो? २०११ ला अभयारण्य झालेलं भीमगडचं रान काही फार लांब नाही. आई म्हणते, गव्यांची वाट सोडा नि बाकीच्याला शेराच्या झाडांचं कुंपण लावा. तारेचा भाव विचारून आल्यापासून हेही शेराकडे झुकलेत.

येत्या रविवारी राहिलेले खड्डे नि वरचा एक चर. लेक येणार नाही म्हणत होता. दिवाळीच्या किल्ल्याला लाल माती लागते हे आठवल्यावर दोन रिकामी पोती त्यानंच गाडीत टाकून ठेवलीत.