डिंकाचा दीड तास

आज सकाळी सोसायटीतील बॅडमिंटनच्या कोर्टावर (बॅडमिंटन आणि पिकलबॉल, दोन्ही खेळांच्या कोर्टाचे माप २० बाय ४४ फूट असल्याने सोय झाली) मी पिकलबॉल या पॅडलने चेंडू मारायच्या खेळातला एकच फटका दीड तास घोटत होतो, तो म्हणजे डिंक. लाडवांतला नव्हे! नेटलगतच्या ७ फुटांच्या ज्या पट्ट्याला ‘किचन’ म्हणतात, त्यात उभे राहून चेंडू हवेतल्या हवेत मारता येत नाही, त्यामुळे तेथे अलगद टाकलेला चेंडू, म्हणजेच डिंक, समोरच्याला खालून उचलूनच परतवावा लागतो, हे मला ठाऊक होते. तरीही बॅडमिंटनला सरावलेले माझे मनगट दर वेळी झटका देत होते आणि समोरच्या काकांना आयता स्मॅश मिळत होता. शेवटी तेच म्हणाले, “मनगट विसरा, गुडघे वाकवा, खांद्यातून ढकला.” मग पॅडल आरतीची घंटी धरावी इतपत सैल धरले, चेंडू शरीराच्या पुढे घेतला, आणि तो नेटवरून जेमतेम सरकून पलीकडे निपचित पडला. नेट कडेला ३६ इंच, पण मध्यभागी ३४ इंचच उंच असल्यामुळे तिरका डिंक सोपा का जातो, हेही तेव्हा उमगले. सलग ११ डिंक जमले. बाराव्याला मनगटाने पुन्हा घात केला.