फालसा, धायटी आणि अंगणातली पाखरं

अंगणात एकाच झुडपापुरती जागा असेल तर फालसा निवडा. हिवाळ्यात पानं गाळतो, फेब्रुवारी-मार्चमध्ये बारीक पिवळ्या फुलांवर मधमाश्या येतात आणि एप्रिल-मेमध्ये जांभळ्या फळांवर बुलबुल. फळ नव्या फुटीवरच धरतं, म्हणून पानं गळल्यावर, डिसेंबर-जानेवारीत, जमिनीपासून साधारण ३ फुटांवर छाटणी करायची. ती राहिली की झुडूप नुसतं उंच जातं, फळं थोडी येतात. मार्चमध्ये छाटलं तर फुलोराच हातचा जातो. खड्डा २ फुटांचा, दोन रोपांत ८ फूट अंतर. पाणी साचू देऊ नका, मुळं कुजतात.

जागा जास्त असेल तर सोबतीला धायटी हवीच! तिची फळं कोरडी, पाखरांच्या कामाची नाहीत. पण उन्हाळ्याच्या तोंडाशी तिच्या लाल नळीदार फुलांतला मधुरस शिंजीर सोडत नाहीत. बी फार बारीक असतं, ते मातीत पुरू नका. वरच भुरभुरा आणि झारीऐवजी फवाऱ्यानं पाणी द्या.

घाणेरीवरही फुलपाखरं येतात, तरी ती लावू नका. पाखरं तिचं बी रानात नेतात आणि तिथली देशी झुडपं दडपली जातात.

दोन्ही झुडपं फुलोऱ्यात असताना कीटकनाशक अजिबात फवारू नका.