खटका

परवा दुपारी टीव्हीवर कुठल्याशा मोठ्या माणसाची पत्रकार परिषद चालू होती. मी पाहत होतो असं नाही, नुसती लागलेली होती. जेवणानंतर अशा परिषदा बऱ्या पडतात, डोळा पटकन लागतो. पण त्या दिवशी काही केल्या लागेना. माणूस बोलत होता, मधूनच बोट उगारत होता, कागद उलटे-पालटे करत होता. पुढ्यात फोटोग्राफरांची रांग गुडघ्यांवर बसलेली. सगळं जागच्या जागी होतं आणि तरी काहीतरी कमी होतं. तो तिसऱ्यांदा बोट उगारून थांबला तेव्हा माझ्या लक्षात आलं. आवाज नव्हता. बोट वर गेलं की समोरून जो एकदम करकरकरकर आवाज उठायचा, तो उठलाच नाही.

बिचाऱ्याचं बोट जरा जास्तच वेळ वर राहिलं. पूर्वी त्याला कळायचं ना! शटरचा कडकडाट झाला की समजायचं, मिळाला यांना हवा तो फोटो, आता खाली घ्या. ती एक प्रकारची दादच होती, आणि सभागृहातल्या टाळ्यांपेक्षा जास्त खरी. टाळ्या भाडोत्रीही मिळतात. डोळे मिटून ऐकणाऱ्यालासुद्धा कडकडाटावरून अंदाज यायचा, की उद्या पहिल्या पानावर कुठली मुद्रा असणार: कपाळाला हात लावलेली, की शेजारच्याकडे तिरक्या नजरेनं पाहणारी. आता वक्त्याला काही म्हणजे काही कळत नाही. जांभई आवरताना टिपला गेलोय की नाही, हेही त्याला दुसऱ्या दिवशीच कळतं.

हे सगळं कॅमेऱ्यातला आरसा आणि मागोमाग सरकतं शटर गेल्यामुळे झालं. जुन्या एसएलआर कॅमेऱ्यात बटण दाबलं की आतला आरसा वर उडायचा, शटरचे पडदे सरकायचे, आरसा पुन्हा खाली आपटायचा. खटाक् म्हणायचो तो या तिघांचा मिळून आवाज. आणि यातली मला कायम आवडलेली गोष्ट अशी, की आरसा वर असतो तेवढ्या वेळात फोटोग्राफरला काही म्हणजे काही दिसत नसे. ज्या क्षणाचा फोटो निघतोय नेमका तोच क्षण त्याच्यापुरता अंधारात. त्यामुळे खेळांचे फोटो काढणारे जुने लोक म्हणत, गोल होताना डोळ्यांनी दिसला असेल तर समजा फोटो गेला. मैदानावरच्या हजारो लोकांनी पाहिलेलं त्यानं तेवढं पाहायचं नाही, असा हा धंदा.

आता मिररलेस, म्हणजे बिनआरशाचे कॅमेरे आले. असोसिएटेड प्रेससारख्या वृत्तसंस्थेनं २०२० मध्ये आपले सगळे कॅमेरे सोनीचे, बिनआरशाचे करायचं ठरवलं. २०२१ च्या निकॉन झेड ९ कॅमेऱ्यात तर सरकणारं शटरसुद्धा उरलेलं नाही, सगळं चित्र टिपणाऱ्या सेन्सरवरच होतं. फायदे आहेतच. गोल्फमध्ये खेळाडूनं काठी मागे नेली की कुणी खटका दाबायचा नाही, चेंडू मारला गेल्यावरच, असा जो दंडक होता, तो आता सैल झाला. न्यायालयात, नाटकात, शोकसभेत कुणी वळून बघत नाही. पण फोटो निघाला की नाही हे खुद्द काढणाऱ्यालाही कळेना, तेव्हा त्याच्यासाठी चौकटीच्या कडेला एक रेघ लुकलुकवायची सोय करावी लागली. आणि झेड ९ मध्ये तर चक्क स्पीकरवरून खोटा खटका वाजवता येतो, लहानमोठाही करता येतो. म्हणजे आवाज आधी घालवायचा आणि मग विकत द्यायचा. यावर मी काही बोलत नाही.

मला एक खोड आहे. पेपरात एखाद्या फोटोत मागे फोटोग्राफर दिसले, की मी पुढच्या माणसाकडे बघतच नाही. मी त्यांचे खांदे बघतो. दोन कॅमेरे असतातच. एकावर आखूड लेन्स, जवळून गर्दी घ्यायला, आणि दुसऱ्यावर सत्तर-दोनशे मिलिमीटरची, लांबचं जवळ आणणारी. लेन्स बदलायला वेळ कुणाला आहे? कॅमेऱ्यावरचं कंपनीचं नाव काळ्या चिकटपट्टीनं झाकलेलं. कोपऱ्यांवरचा काळा रंग उडून खालचं पितळ दिसायला लागलेले जुने कॅमेरे तर मला फार आवडायचे. नवा कोरा कॅमेरा गळ्यात असलेला माणूस हौशी वाटतो. मैदानाच्या कडेला त्या लांबलचक पांढऱ्या लेन्सा एका पायाच्या मोनोपॉडवर टेकवलेल्या. पांढऱ्या का, तर उन्हात तापू नयेत म्हणून. आत फ्लोराइट या स्फटिकाची भिंगं असतात आणि तापली की ती साध्या काचेपेक्षा जास्त प्रसरण पावतात. मी बरीच वर्षं समजत होतो की तो रुबाबासाठीच दिलेला रंग आहे. रुबाबही आहेच म्हणा.

पण खरं अवजार शिडी. अॅल्युमिनियमची, दोन-तीन पायऱ्यांची, घडीची. तिच्यावर कुणी लेख लिहीत नाही, जाहिरात करत नाही. पाचशे मिलिमीटरची लेन्स घेऊन गेलात आणि पुढे उंच माणूस उभा राहिला, की तुमच्याकडे त्याच्या मानेचा अत्यंत सुस्पष्ट फोटो असतो. जो रोझेन्थल या अमेरिकन फोटोग्राफरची गोष्ट माहीत असेल. २३ फेब्रुवारी १९४५, दुसरं महायुद्ध, जपानच्या इवो जिमा बेटावरचा डोंगर. रोझेन्थल ठेंगणा होता. समोर अमेरिकन सैनिक झेंडा उभारायच्या तयारीत, आणि हा कॅमेरा खाली ठेवून दगड आणि वाळूची पोती रचत बसला, उभं राहायला. रचून वर चढतो न चढतो तोच काठी वर जायला लागली. त्यानं आपला स्पीड ग्राफिक कॅमेरा तसाच वळवला आणि दाबला, १/४०० सेकंद. फिल्म धुण्यासाठी ग्वामला गेली. काय मिळालंय हे त्याला स्वतःलाच दिवसचे दिवस माहीत नव्हतं. आता जगाला तो फोटो माहीत आहे, त्या खालच्या दगडांचं नाव कुणी घेत नाही.

स्पीड ग्राफिक हे प्रकरण मात्र अवजड. १९१२ पासून पुढे साठेक वर्षं तो निघत होता. चार बाय पाच इंचांची एकेक सुटी फिल्म, एका धारकात दोन. आधी फिल्म झाकणारा पत्रा काढायचा, शटर चढवायचं, फ्लॅशचा बल्ब लावायचा, फोटो काढायचा, पत्रा उलटी बाजू वर करून पुन्हा सरकवायचा, धारक फिरवायचा. एवढं झालं की दुसऱ्या फोटोला तयार. न्यूयॉर्कच्या रात्री धुंडाळणारा फोटोग्राफर वीजी यातून मार्ग काढून बसला होता: लेन्सचं छिद्र बारीक, एफ/१६, १/२०० सेकंद, अंतर दहा फूट, वर फ्लॅश. रात्रभर काहीही हलवायचं नाही. पाय हलवायचे आणि दहा फुटांवर जाऊन उभं राहायचं. त्याच्या गाडीच्या डिकीतच डार्करूम होती म्हणतात. उलट टोकाला जर्मन फोटोग्राफर एरिक सॉलोमन. १९२८ मध्ये जर्मनीतल्या एका खुनाच्या खटल्यात त्यानं एरमानॉक्स कॅमेरा टोपीत लपवून नेला. एरमानॉक्सची लेन्स एफ/१.८, म्हणजे भरपूर उजेड आत घेणारी, त्यामुळे फ्लॅशची गरज नाही, आणि आवाज जवळजवळ नाही. बिनआवाजाचं काम तेव्हाही होतंच, फक्त चोरून.

फ्लॅशवरून आठवलं. शाळेत एकदा मला बक्षीस मिळालं होतं. वक्तृत्वाचं, आणि तेही उत्तेजनार्थ. पण त्या दिवशी पेपरचा फोटोग्राफर येणार होता, त्यामुळे उत्तेजनार्थला भाव आला होता. हे फोटोग्राफर काका आले ते शेवटच्या क्षणी, खांद्याला एक बॅग, दुसऱ्या खांद्याला पट्ट्यानं लटकवलेला बॅटरीचा चौकोनी डबा, त्यातून वळवळती वायर वर फ्लॅशला गेलेली. माझ्या आधीच्या मुलाचा फोटो त्यांनी काढला आणि डब्यातून बारीक शीळ सुरू झाली. कूंऽऽऽ अशी, हळूहळू चढत जाणारी. प्रमुख पाहुण्यांनी माझा हात हातात घेतला, मी समोर पाहून हसलो. काका म्हणाले, "थांबा हं साहेब, भरतोय." लाल दिवा लागेपर्यंत फोटो नाही. पाहुणे थांबले. मी थांबलो. शीळ चढत राहिली. इतका वेळ कुणाचा हात हातात धरल्यावर दोघांनाही कुठे बघावं कळत नाही. पाहुण्यांनी मला विचारलं, पुढे कोण होणार? मी सांगितलं. त्यांनी ते कुठल्या कारणासाठी, असंही विचारलं. माझ्या मागची मुलं हसायला लागली. मग एकदाचा झगाझगा उजेड झाला आणि मला पुढची दोन बक्षिसं नुसती हिरवी-जांभळी दिसली.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. पाहुणे, मुख्याध्यापक, प्रमाणपत्राचा कोपरा, आणि माझं कोपर. कात्री लावणाऱ्यानं कॉलमाच्या रुंदीचा विचार केला होता. घरात ते कोपर बरेच दिवस जपून ठेवलं होतं.

पण काकांनी जाताना मला फिल्मची रिकामी डबी दिली होती, काळी, राखाडी झाकणाची. बसल्या बसल्या त्यांनी रोल मागे गुंडाळला तेव्हा मी शेजारीच उभा होतो. कॅमेऱ्याच्या डोक्यावरची ती छोटीशी मूठ उघडून बोटानं गरागरा फिरवायची, आत फिल्म करकरत आपल्या रिळात परत जाते, आणि शेवटी हाताला एकदम हलकं लागतं. मग टोकासकट आत. टोक बाहेर असेल तर रोल कोरा, आत गेलं असेल तर वापरलेला. अंधारात चाचपूनही कळायचं. शटरच्या खटक्याइतकाच हा आवाजही आता गेला. तो कुणी स्पीकरवरून वाजवत नाही.

त्या आवाजाशी माझ्या मनात एक माणूस कायमचा जोडला गेला आहे. रॉबर्ट लँड्सबर्ग. कुठल्या पेपरात नोकरीला नव्हता, स्वतंत्रपणे काम करायचा. १८ मे १९८० च्या सकाळी अमेरिकेतला सेंट हेलेन्सचा ज्वालामुखी फुटला तेव्हा तो डोंगरापासून काही मैलांवर होता. राखेचा लोट त्याच्याकडे येत होता आणि पळून उपयोग नाही हे त्याला कळलं असावं. त्यानं फोटो काढले. मग फिल्म मागे गुंडाळली, कॅमेरा बॅगेत घातला आणि बॅगेवर आडवा पडला. सतरा दिवसांनी तो राखेत सापडला, फिल्मसकट. हातानं रोल गुंडाळायला चांगला अर्धा मिनिट लागतो.

त्याच सकाळी, त्याच डोंगराजवळ रीड ब्लॅकबर्नही मरण पावला. तो मात्र पेपरचाच माणूस, द कोलंबियनचा फोटोग्राफर, वय २७. रेडिओवरून खटका पडेल असे कॅमेरे त्यानं डोंगराच्या दिशेनं लावून ठेवले होते. त्या एप्रिलमध्ये हेलिकॉप्टरमधून काढलेला त्याचा एक रोल कार्यालयातल्या एका खोक्यात पडून राहिला आणि २०१३ मध्ये कुणाच्या तरी हाती लागला. तेहतीस वर्षांनी तो धुतला, आणि उद्रेकाआधीचा डोंगर निघाला. त्यानं तो तेव्हाच का धुतला नाही, कुणास ठाऊक. त्या दिवसाचा फोटो दुसऱ्या रोलमध्ये मिळाला असेल. असे नंतर बघू म्हणून ठेवलेले रोल सगळ्यांच्याच बॅगेत असायचे.