हत्तींच्या नोंदी ठेवायला शिकताना

हत्तींच्या वर्तनावर काम करायचं ठरलं आणि पहिलं काम हाती आलं ते कानांच्या फोटोंचं. कड कुठे फाटली आहे, भोक कुठे आहे, शिरांचं जाळं कसं आहे, कुठला सुळा आखूड आहे... एकेक हत्ती असा पाठ करायचा. कळपातल्या माद्या वेगवेगळ्या दिसू लागेपर्यंत माझ्या हाती नोंदवही आलीच नाही.

मग खरी शिस्त सुरू झाली. निरीक्षणाच्या पद्धतींवरचा जीन ऑल्टमन यांचा १९७४चा निबंध या क्षेत्रात आजही वाचावाच लागतो. नजरेत भरतं तेवढंच टिपलं तर कागदावरचे हत्ती दिवसभर भांडत बसतात. प्रत्यक्षात त्यांचा बहुतेक वेळ खाण्यात जातो. म्हणून आधी ठरवलेला एकच हत्ती ठरलेला वेळ बघायचा. शेजारी दोन नर भिडले तरी नजर हलवायची नाही. हे फार जिवावर येतं! 'चिडली' असं लिहिलेलंही चालत नसे. कान पसरले, डोकं उचललं, पुढे आली, एवढंच लिहायचं. एकाच वेळी बघणाऱ्या दोघांच्या स्वतंत्र नोंदी जुळल्या तरच त्या ग्राह्य.

एवढा काटेकोरपणा कशाला, ते केनियातल्या अंबोसेली राष्ट्रीय उद्यानातलं काम वाचल्यावर पटलं. तिथे १९७२पासून एकेक हत्ती ओळखून नोंदी ठेवल्या जात होत्या. त्यामुळेच आफ्रिकी नरही मस्तावर, म्हणजे माजावर, येतात हे तिथल्या संशोधक जॉयस पूल आणि सिंथिया मॉस यांना १९८१मध्ये दाखवता आलं. आधी तो आजारच वाटला होता. हत्तिणीचं गर्भारपण जवळपास २२ महिन्यांचं, पुढचं पिल्लू चार-पाच वर्षांनी. अनुदानं मात्र दोन-तीन वर्षांत संपतात. या पेशातली निम्मी अक्कल अर्ज लिहिण्यातच खर्च होते, असं माझं मत आहे.

हत्ती कुठे फिरतो ते कळवणारी कॉलर त्याच्या गळ्यात लावतानाची धास्ती अजूनही गेलेली नाही. गुंगीत हत्ती छातीवर बसला तर त्याचा श्वास कोंडतो, त्याला लगेच कुशीवर ढकलावं लागतं. सोंडेचं टोक मोकळं ठेवायचं, कानांवर पाणी ओतत राहायचं, आणि उताऱ्याचं इंजेक्शन दिलं की गाडीकडे पळायचं.

कॉलरवरून काढलेला नकाशा घेऊन शेतकऱ्यांकडे गेलो. हत्ती रात्री पिकात येतात हे त्यांना आम्ही काय सांगणार? त्यांना नेमकी वाट हवी होती, मधमाश्यांच्या पेट्यांचं कुंपण कुठून कुठवर न्यायचं ते ठरवायला; हत्ती मधमाश्यांना टाळतात. पेट्या आता टांगल्या आहेत. एक वयस्क मादी शेवटच्या पेटीला वळसा घालून येते म्हणतात. तिच्या कानाचा स्पष्ट फोटो मिळावा म्हणून त्या टोकाला कॅमेरा लावला आहे.