मोडतोडीची वही

आमच्या कॉलनीसमोरचं उद्यान जेमतेम एकरभराचं. दोन झोपाळे, एक घसरगुंडी, ओपन जिमची सहा यंत्रं आणि मधोमध एक मोठा बहावा. दीड वर्षापूर्वी एका सकाळी माझी नात खेळायला गेली आणि पाच मिनिटांत परत आली. "आजी, झोपाळ्याला पाटीच नाहीये." जाऊन बघते तर साखळ्या नुसत्या लोंबत होत्या आणि खाली वाळूत बाटलीच्या काचा. ती पोर तिथे अनवाणी खेळायची. त्या दिवशी तिला चप्पल काढू नकोस म्हणून सांगताना मला फार वाईट वाटलं.

सोसायटीच्या बैठकीत विषय काढला. कॅमेरे लावा, भिंत उंच करा, पोरं बिघडलीत, असं बरंच बोलणं झालं. पण कोणती पोरं, किती वाजता, काय मोडतात, हे कुणालाच सांगता येईना. म्हणून मी दोनशे पानी वही आणली. सकाळी सहाला मी फेरी मारायची आणि जे मोडलेलं दिसेल ते तारीख-वेळेसह लिहायचं. रात्री दहाची फेरी समोरच्या इमारतीतल्या काकांनी घेतली. ते एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या नोंदी माझ्यापेक्षा चोख असत.

दीड महिन्याने वही घेऊन बसलो आणि पहिला धक्का कुंपणाचा बसला. तार पाच वेळा कापलेली, पाचही वेळा एकाच जागी. मागचं फाटक कायम कुलूपबंद आणि त्याच्या पलीकडे बसथांबा. सकाळी त्या भोकातून वाकून जाणाऱ्या, घरकामाला निघालेल्या एका मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, "पुढून वळसा घातला की सातची बस जाते, ताई. मग अर्धा तास उभं राहायचं." आम्ही ज्याला नासधूस म्हणत होतो, ती यांची वाट होती.

झोपाळ्याची गोष्ट आणखी निराळी. वही सुरू झाल्यावर दुसऱ्या झोपाळ्याचीही पाटी तुटली. त्याच्या नऊ दिवस आधी काकांनी "डावीकडे तडा" असं लिहून ठेवलं होतं, आणि आम्ही कुणीच पुढे काही केलं नव्हतं. जिमचे नटबोल्ट मात्र खरोखरच चोरीला जात होते, भंगारासाठी. आणि बाटल्यांच्या नोंदी, दोन सोडल्या तर सगळ्या, बहाव्यामागच्या कोपऱ्यातल्या. तिथला दिवा बंद होता.

त्या दिव्याने चार महिने खाल्ले. पहिला अर्ज मी नुसता टेबलावर ठेवून आले, पोच घेतली नाही. तो सापडलाच नाही. दुसऱ्या अर्जावर आवकचा शिक्का आणि क्रमांक घेतला, स्मरणपत्रं दिली, तरी हालचाल नाही. शेवटी माहिती अधिकाराखाली अर्ज केला. साध्या कागदावर, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून, एकच प्रश्न: या खांबाची देखभाल कोणाकडे? कायद्याने तीस दिवसांची मुदत असते. तेवढ्यात उत्तर आलं. उद्यान विभागाकडे झाडं, खेळणी आणि माळी. दिवे विद्युत विभागाकडे. चार महिने मी चुकीच्या दारात उभी होते. योग्य ठिकाणी अर्ज गेल्यावर अकराव्या दिवशी दिवा लागला. तुम्ही असं काही करणार असाल तर हा प्रश्न सगळ्यात आधी विचारा.

नटबोल्टच्या चोरीसाठी वही घेऊन पोलीस चौकीत गेलो. तारखांसह नोंदी दिसल्यावर रात्रीच्या गस्तीत उद्यान घेतलं गेलं. सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीचा १९८४ चा कायदा आहे, त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे, आणि महापालिकेची मालमत्ताही त्यात येते, हे मला तोवर माहीत नव्हतं. लेखी परवानगी काढून नटांना वेल्डिंगचे टाके मारून घेतले. मागच्या फाटकाचं कुलूप पहाटे साडेपाचला काढायचं काम माळीदादांनी आपणहून अंगावर घेतलं. त्यानंतर कुंपणाची तार एकदाही कापली गेलेली नाही.

राहिला बहावा. त्याच्या खोडावर नावं कोरलेली, एका बाजूला साल हातभर सोललेली. संध्याकाळी तिथे बसणाऱ्या मुलांना मी बोलावलं आणि सालीखालचा ओला थर दाखवला. पानांत तयार झालेलं अन्न याच थरातून मुळांपर्यंत उतरतं. साल चहूबाजूंनी निघाली तर झाड उपाशी मरतं. ती ऐकून निघून गेली. मला वाटलं, संपलं. आठवड्याने त्यातला एक आला आणि म्हणाला, "आजी, रात्रीची वही मी लिहू का? काकांचे गुडघे दुखतात." इतर मुलं काही आली नाहीत, खोडावर नंतरही एक नवं नाव दिसलं. पण तो रोज येतो.

मागच्या सोमवारची त्याची नोंद: "उजवा झोपाळा, पाटीला बारीक तडा. ९.५०." मंगळवारी सकाळी मी अर्ज दिला, पोच घेतली. शुक्रवारी नवी पाटी बसली.